गाडी पाणी ‘पीत’ नाही

मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कहून भिवंडीच्या यंत्रमागांवर माल उचलायला जाणाऱ्या व्यापारी बांधवांना घोडबंदर रस्त्यावरील गायमुखचा चढ चांगलाच ठाऊक आहे. तेथील कोंडीत आमची व्हॅन लागोपाठ तीन फेऱ्यांना तापली. थांबायचे, पाणी ओतायचे आणि निघायचे. जुनी गाडी थोडे पाणी पिणारच, अशी आम्ही मनाची समजूत घातली होती. ती साफ चुकीची होती. इंजिनाचे पाणी बंद चक्रात फिरते. ते कमी झाले तर बाहेर पडते किंवा इंजिनात शिरते, तिसरी वाट नाही.

एका मेकॅनिकने पाहताक्षणी हेड गॅस्केट गेल्याचा फैसला दिला. हेड उघडायचे म्हणजे गाडी कित्येक दिवस बंद, तीही ऐन लग्नसराईत! आम्ही मोहलत मागून दुसऱ्या मिस्त्रींना गाठले. गॅस्केट फाटले की बहुधा ऑइल दुधट होते, सायलेन्सर पांढरा धूर सोडत राहतो, रेडिएटरमध्ये बुडबुडे उठतात. यातले काहीच नव्हते. सीटखालच्या इंजिनाच्या पाइपांवर, वॉटर पंपाखाली वाळलेले डागही नव्हते. (गरम लोखंडावर गळलेले पाणी तिथेच आटते, म्हणून जमिनीवर ओल दिसेलच असे नाही.) पंखाही वेळेवर फिरत होता.

खरी खूण सकाळी थंड गाडीत सापडली. रेडिएटर अर्धा रिकामा आणि शेजारचा पाण्याचा डबा काठोकाठ! चोर खुद्द रेडिएटरचे झाकण होते. झाकण दाब धरते, म्हणून पाणी १०० अंशांना उकळत नाही. तापून फुगलेले पाणी डब्यात जाते आणि गाडी निवली की झाकणाच्या छोट्या झडपेतून परत ओढले जाते. आमच्या झाकणाचे रबर कडक झाले होते. गेलेले पाणी परतत नव्हते. आम्ही मात्र डबा पाहून निश्चिंत, आणि वरचे पाणीही डब्यातच ओतत होतो.

नवे झाकण घेताना त्यावर छापलेला दाबाचा आकडा, ०.९ किंवा १.१, जुन्याशी जुळवून घ्यावा. पाणी बोअरचे नको, क्षाराने रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजतात. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे घालावे.

आणि खुदा न करो, चढावर काटा लाल पट्ट्यात गेलाच तर एसी बंद करून गाडी कडेला घ्यावी, इंजिन बंद करावे. ते पुरते थंड होईपर्यंत झाकणाला हात लावू नये. उकळते पाणी थेट तोंडावर उडते. गरम इंजिनावर गार पाणीही ओतू नये. हेडला तडा गेला, तर त्या मेकॅनिकचा फैसला खरा ठरेल.