मँचेस्टरचा गाळ, नाशिकचे अ‍ॅसिटोन आणि मोहफूल

सूक्ष्मजीवांकडून कारखान्याचे काम करून घेण्याची विद्या भारतात रुजवणाऱ्यांत गिल्बर्ट जॉन फाउलर (१८६८–१९५३) या ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञाचे नाव ठळक आहे. मात्र कृषिक्षेत्रात त्यांची आठवण फारशी निघत नाही.

मँचेस्टरमध्ये त्यांच्यापुढे शहराच्या सांडपाण्याचा प्रश्न होता. सांडपाण्यात हवा सोडली की जीवाणू त्यातील घाण खातात. पण आरंभी यास आठवडे लागत. तळाशी बसलेला जीवाणूयुक्त गाळ न टाकता पुढील सांडपाण्यात मिसळला, तर तेच काम काही तासांत होते. फाउलर यांच्या सूचनेवरून आर्डर्न व लॉकेट यांनी १९१४ मध्ये हे दाखवून दिले. आजची सक्रिय गाळ पद्धत ती हीच.

१९१६ मध्ये ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. महायुद्धामुळे कॉर्डाइट या स्फोटकासाठी अ‍ॅसिटोनची निकड होती. मँचेस्टरमध्येच वाइझमन यांनी पिष्टमय धान्य आंबवून अ‍ॅसिटोन व ब्युटेनॉल देणारा जीवाणू शोधला होता. येथे तंत्र नेमके उलटे: गाळात असंख्य जातींचे जीवाणू हवेवर जगतात, तर या जीवाणूला हवा वर्ज्य आणि शेजारीही वर्ज्य. परका जीवाणू शिरला की साऱ्या पिंपाची नासाडी. युद्धकाळात नाशिकला अ‍ॅसिटोनचा कारखाना उभारण्यात आला; पण युद्ध थांबताच स्फोटकांची मागणी आटली.

फाउलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२० मध्ये मोहफुलांच्या जीवरसायनावर विस्तृत लेख प्रसिद्ध केला. छत्तीसगड, गडचिरोली, चंद्रपूरच्या रानांत वेचली जाणारी ही फुले वाळल्यावर वजनाच्या निम्म्याहून अधिक साखर देतात. धान्याला हात न लावता मिळणारा हा कच्चा माल. तो दारूच्या भट्टीपुरताच उरला, ही उणीव विज्ञानाची खचित नव्हे.

कानपूरच्या हारकोर्ट बटलर तंत्रसंस्थेचे प्राचार्यपद त्यांनी पुढे भूषविले. शेताशी त्यांचे नाते जुळले ते कंपोस्टमुळे. इंदूरला हॉवर्ड व यशवंत वाड यांचे प्रयोग चालू असतानाच फाउलर ‘सक्रिय कंपोस्ट’ मांडत होते: मुरत आलेल्या ढिगाचा अंश नव्या काडीकचऱ्याला विरजणासारखा लावायचा. नत्राच्या जतनावरील त्यांचा ग्रंथ १९३४ मध्ये निघाला.