फवारणीचा ड्रोन घेताय? आधी बॅटरी नीट बघा, नाहीतर नफा तिथेच जिरेल

ड्रोन बघायला गेलं की आपण टाकी किती लिटरची आणि पंखे किती एवढंच विचारतो. बॅटरीचं कोणी विचारत नाही. आम्ही चौघांनी मिळून भागीत ड्रोन घेतला तेव्हा आम्हीही विचारलं नव्हतं. खरीप संपल्यावर सगळ्या बॅटऱ्या फुल चार्ज करून पत्र्याच्या खोलीत ठेवल्या. दोन महिन्यांनी पेटी उघडली तर दोन बॅटऱ्या भाकरीसारख्या टम्म फुगलेल्या! चूक आमचीच होती. ती तुमच्याकडून होऊ नये म्हणून हे लिहितोय.

बॅटरीवरचे आकडे काय सांगतात?

या बॅटऱ्या लिथियम पॉलिमरच्या, म्हणजे 'लिपो' असतात. '6 एस' लिहिलं असेल तर आत सहा सेल आहेत. एका सेलचे 3.7 व्होल्ट, म्हणून बॅटरी 22.2 व्होल्टची. फुल चार्ज झाली की 25.2 व्होल्ट दाखवते. 10 लिटरच्या बऱ्याच ड्रोनला अशा दोन बॅटऱ्यांची जोडी लागते.

16000 किंवा 22000 एमएएच म्हणजे विहिरीत पाणी किती, ते. 'सी' रेटिंग म्हणजे पाइप किती जाड, ते. पाणी भरपूर आणि पाइप बारीक असेल तर मोटर चालत नाही, तसंच इथेही आहे. भरल्या टाकीने ड्रोन उचलताना एकदम जोर लागतो. कमी 'सी'ची बॅटरी तेव्हा तापते आणि व्होल्टेज पडतं. पण नुसती मोठी बॅटरीही घेऊ नका. वजन वाढलं की ते उचलण्यातच करंट जातो. ड्रोनच्या कंपनीने सांगितलेलाच आकडा घ्या.

हिशेब करून बघा

समजा जोडी 50 हजारांची आहे आणि एका चार्जवर एक एकर होतो. 300 वेळा चालली तर एकरी 167 रुपये बॅटरीचेच झाले. हयगय केली आणि 150 वेळांतच गेली, तर एकरी 333 रुपये. फवारणीचे एकरी 500 घेतले तर हातात काय उरलं?

केंद्राच्या नमो ड्रोन दीदी योजनेत बचत गटांना किमतीच्या 80 टक्के, जास्तीत जास्त 8 लाख रुपये मदत ठरवली आहे. त्या संचात जादा बॅटऱ्याही धरल्या आहेत. पण त्या संपल्यावर नव्या घ्यायचा खर्च येतोच. म्हणून गटातल्या ताईंनी सुरुवातीपासूनच दर एकरामागे थोडे पैसे बॅटरीसाठी बाजूला टाकावेत.

जुनी बॅटरी घेताना

• फुगलेली, ठेचलेली किंवा वायर जळालेली बॅटरी फुकट दिली तरी घेऊ नका.
• चार्जरला लावून प्रत्येक सेलचं व्होल्टेज बघा. दोन सेलमध्ये 0.1 व्होल्टचा फरक दिसला तर एक सेल कमजोर आहे असं समजा.
• किती वेळा चार्ज झाली ते विचारा. स्मार्ट बॅटरी असेल तर हा आकडा ॲपमध्ये दिसतो.
• जोडीतल्या दोन्ही बॅटऱ्या एकाच वयाच्या पाहिजेत. जोडीवर पेनने '1 अ', '1 ब' असं लिहून ठेवा आणि जोडी मोडू नका.

रोजची काळजी

• सेल 3.5 व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नका. अजून अर्धा एकर होईल, हा हट्टच बॅटरी मारतो.
• उतरवल्यावर गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका. सावलीत अर्धा तास थंड होऊ द्या.
• काम नसेल तेव्हा फुल भरून ठेवू नका, रिकामीही ठेवू नका. चार्जरवरचा 'स्टोरेज' मोड लावा. सेलला साधारण 3.8 व्होल्ट, म्हणजे बॅटरीला 23 व्होल्ट राहतात. महिन्याला एकदा तपासा.
• चार्जिंग कडबा, कापूस, डिझेल यांच्यापासून लांब करा. रात्री लावून झोपू नका. जवळ वाळूची बादली ठेवा.
• खराब बॅटरी उकिरड्यावर फेकू नका, भोसकूही नका, पेट घेते. विक्रेत्याकडे परत द्या. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे.

आता आमच्या पेटीत एक वही असते. कोणती जोडी, किती एकर, उतरली तेव्हा किती व्होल्ट, एवढंच लिहितो. दोन मिनिटांचं काम आहे, पण त्यानंतर एकही बॅटरी फुगलेली नाही.