चलच्चित्र संपीडन, तबकडीवरील
चलच्चित्र संपीडन, तबकडीवरील : उच्च विभेदनाचा (बारीक तपशील स्पष्ट दाखविणारा) चित्रपट तबकडीच्या मर्यादित जागेत मावावा म्हणून त्याची अंकीय माहिती कमी करण्याची क्रिया. या क्रियेत काही माहिती कायमची गाळली जाते. म्हणून काय व किती गाळावयाचे हे ठरविणाऱ्या मूल्यांची निवड विचारपूर्वक करावी लागते.

गरज : अशा चित्रपटाच्या प्रत्येक चौकटीत १,९२० × १,०८० म्हणजे २०,७३,६०० चित्रबिंदू असतात. रंगाची माहिती दीप्तीच्या मानाने विरळ ठेवली, तरी दर बिंदूस सरासरी १२ बिट (द्विमान अंक) लागतात. सेकंदास २४ चौकटी धरल्यास माहितीचा ओघ सेकंदाला सु. ५९७ मेगॅबिट होतो आणि दोन तासांच्या चित्रपटास सु. ५३७ गिगॅबाइट जागा लागते. २००६ मध्ये विक्रीस आलेल्या ब्लू-रे चित्रपट-तबकडीच्या एका थरात मात्र २५ गिगॅबाइट व दोन थरांत ५० गिगॅबाइटच माहिती मावते.

तत्त्व : लगतच्या चौकटींतील बराचसा भाग समान असतो. म्हणून काही चौकटी संपूर्ण नोंदवून इतरांच्या बाबतीत केवळ वस्तूंचे स्थलांतर व उरलेला फरक नोंदवितात. या फरकाचे लहान चौकोनी खंड पाडून त्यांवर गणिती रूपांतर करतात. अशा रूपांतरांचा पाया असलेले कोज्या रूपांतर नसीर अहमद, टी. नटराजन व के. आर. राव यांनी १९७४ मध्ये मांडले. मिळालेले सहगुणक नंतर ठराविक पायरीच्या पटीत पूर्णांकित करतात. माहितीची हानी मुख्यतः येथेच होते. एच.२६४ या २००३ मधील मानकात पायरीचे ५२ स्तर असून स्तर ६ ने वाढला की पायरी दुप्पट होते.

मूल्यांची निवड : प्रथम सरासरी बिटत्वरा ठरवितात. २५ गिगॅबाइट जागा दोन तासांत विभागली असता सेकंदास सु. २७.८ मेगॅबिट येतात. ध्वनी, उपशीर्षके व राखीव जागा वगळता चित्रासाठी सु. २५ मेगॅबिट उरतात. म्हणजे संपीडन सु. २४ पट होते. ब्लू-रे मानकानुसार चित्राची कमाल त्वरा ४० मेगॅबिट आहे.

ही सरासरी सर्व दृश्यांना सारखी वाटणे इष्ट नसते. स्तब्ध संवादास थोडे बिट पुरतात. पाऊस, धूर वा गर्दी यांस पुष्कळ लागतात. आकारमान ठरलेले असल्यास दोन फेऱ्यांची पद्धत वापरतात : पहिल्या फेरीत दृश्यांची जटिलता मोजतात व दुसरीत तीनुसार बिट वाटतात. आकारमानाचे बंधन नसल्यास गुणवत्ता स्थिर ठेवून त्वरा बदलू देणे सोयीचे असते. संपूर्ण चौकटींतील अंतर वाढविल्यास जागा वाचते, पण चित्रपटात हव्या त्या ठिकाणी जाणे अवघड होते. ब्लू-रेमध्ये हे अंतर सामान्यतः एका सेकंदापर्यंत ठेवतात. स्थलांतराचा शोध अधिक सखोल केल्यास वेळ जास्त लागतो, परंतु तेवढ्याच जागेत चित्र अधिक चांगले मिळते.

दोष व दक्षता : बिट अपुरे पडल्यास चित्रात चौकोन दिसतात आणि आकाशासारख्या सौम्य छटांत पट्टे उमटतात. जुन्या फिल्मवरील कणमयतेचा प्रश्न विशेष नाजूक आहे. कणांची रचना प्रत्येक चौकटीत बदलत असल्याने तिचे पूर्वानुमान करता येत नाही व तीवर पुष्कळ बिट खर्च होतात. कण आधीच पुसले तर जागा वाचते, पण त्यांबरोबर चेहऱ्यावरील व वस्त्रांवरील बारकावेही जातात आणि चित्रपटाचे मूळ रूप पालटते. म्हणून सर्वांत कठीण दृश्यांवर आधी चाचणी घेऊन मूल्ये निश्चित करणे हितावह ठरते.

२०१६ मध्ये आलेल्या अति-उच्च विभेदनाच्या ब्लू-रे तबकडीत एच.२६५ हे अधिक कार्यक्षम मानक वापरतात. तथापि गाळलेली माहिती त्यानेही परत मिळत नाही. संपीडित प्रतीचे पुन्हा संपीडन केल्यास हानी साचत जाते. यासाठी तबकडी ही पाहण्याची प्रत मानून असंपीडित अथवा हानिरहित मूळ प्रत स्वतंत्रपणे जतन करणे आवश्यक असते.