विहीर किती पाणी उपसते? हिशेब गावानेच मांडावा

शेतकरी बंधूंनो, एकरी खत किती टाकले, मजुरी किती गेली, पट्टी किती आली, हे आपण तोंडपाठ सांगतो. पण तुमच्या विहिरीने गेल्या रब्बीत किती पाणी दिले, असे कुणी विचारले तर उत्तर ठरलेले असते, "भरपूर होतं की, मार्चपर्यंत चाललं." हा काही हिशेब नव्हे. आडातच नसेल तर पोहऱ्यात येणार कुठून?

आपल्या राज्याचा सुमारे ऐंशी टक्के भाग काळ्या पाषाणाचा आहे. या खडकाच्या पोटात तळी किंवा नद्या नाहीत. पाणी साठते ते वरच्या मुरमात, खडकाच्या भेगांत आणि सांध्यांत. शंभर घनफूट खडकातून जेमतेम एक ते तीन घनफूट पाणी हाती येते. म्हणजे कोठी लहान आहे, आणि ती सगळ्या शिवाराची एकच आहे. बांध वरून असतो, खालून नसतो.

सरकारी अंदाज कसा निघतो?

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते. राज्याची सुमारे दीड हजार पाणलोट क्षेत्रे पाडलेली आहेत. प्रत्येक क्षेत्रात पाणी किती मुरले आणि किती उपसले, हे ताडून पाहतात. उपसा ७० टक्क्यांपर्यंत असेल तर क्षेत्र सुरक्षित, ९० पर्यंत अंशतः शोषित, १०० पर्यंत शोषित आणि त्यापुढे अतिशोषित. सरकारी अनुदानाची नवी विहीर देताना हीच वर्गवारी पाहतात.

उपसा काढायची मुख्य रीत साधी आहे. विहिरींची संख्या गुणिले एका विहिरीचा सरासरी उपसा. आता यातली मेख पाहा. विहिरींची संख्या गावच्या नोंदीवरून येते. सात-बारावर विहीर एक आणि रानात बोअर तीन, अशी स्थिती असेल तर उपसा कमी दिसणार, क्षेत्र सुरक्षित ठरणार, आणखी विहिरी होणार आणि पाणी मात्र फेब्रुवारीतच तळ गाठणार. तलाठी व ग्रामसेवक मंडळींनी हे विशेष ध्यानात घ्यावे. नोंद चुकली की पुढचे सगळे गणित चुकते.

आपल्या विहिरीचे माप

मोटारीच्या पाइपाखाली २०० लिटरचे पिंप ठेवा आणि घड्याळ लावा. पिंप ४० सेकंदांत भरले तर सेकंदाला ५ लिटर, म्हणजे तासाला १८ हजार लिटर पाणी पडते. मोटार किती तास चालली ते रोज वहीत लिहा. ऑटो स्टार्टर असेल तर रात्री लाईट किती वाजता आली आणि गेली, तेही टिपा. रोज ५ तास, हंगामात १०० दिवस धरले तर झाले ९० लाख लिटर. पाणी खोल गेले की धार बारीक होते, म्हणून पिंपाचे माप महिन्यातून एकदा तरी घ्यावे.

दुसरे माप झऱ्याचे. विहीर गोल आणि २० फूट व्यासाची असेल तर एक फूट पाणी म्हणजे सुमारे ८,९०० लिटर. वरच्याच मोटारीने ४ तासांत ७२ हजार लिटर काढले आणि पातळी ६ फूट उतरली, तर साठ्यातले गेले ५३ हजार. उरलेले १९ हजारांच्या आसपास पाणी झऱ्यांनी त्याच वेळात दिले. म्हणजे झरा तासाला पावणेपाच हजार लिटरचा आणि मोटार ओढते अठरा हजार! इथे पाचाची काढून साडेसातची मोटार बसवली तर विहीर लवकर कोरडी पडेल, झरा काही वाढणार नाही.

गावाचा ताळेबंद

आता गावाचे पाहू. समजा, शिवार ५०० हेक्टर आहे. पावसाळ्यानंतर विहिरींची पातळी सरासरी ४ मीटर चढली. खडकातून दोन टक्के पाणी मिळते असे धरले, तर जमा झाली ४० कोटी लिटर. वर सांगितल्यासारख्या ४० विहिरी असतील तर शेतीचा उपसा ३६ कोटी. गावची वस्ती दीड हजार, माणशी रोज ५५ लिटर धरले तर वर्षाला ३ कोटी. खर्च झाला ३९ कोटी. शिल्लक एक कोटी, आणि जनावरांचे पाणी यात अजून धरलेलेच नाही. एक्केचाळिसावी विहीर ही शिल्लक जवळपास संपवते, बेचाळिसावी गावाला तुटीत नेते. हे ढोबळ गणित आहे. काही पाणी ओढ्याला निघून जाते, पाटाने दिलेल्यातले थोडे पुन्हा मुरते. पण गाव कुठे उभे आहे, हे यावरून कळते.

हिशेब ताडून पाहायला पिकांचा आधार घ्यावा. हरभऱ्याला हेक्टरी २५ ते ३० लाख लिटर पाणी लागते, तर उसाला दोन कोटी किंवा त्याहून जास्त. पीकपेऱ्यावरून निघणारा आकडा आणि मोटारींच्या तासांवरून निघणारा आकडा यांत फार अंतर पडले, तर कुठेतरी विहीर किंवा बोअर नोंदीतून सुटली आहे असे समजावे. ठिबक केले म्हणून निर्धास्त राहू नका. वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर ऊस वाढवला, तर उपसा होता तिथेच राहतो.

नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने हेच केले. पाऊस मोजायचा, विहिरी मोजायच्या, ग्रामसभेत ताळेबंद मांडायचा आणि मग पिके ठरवायची. २०१९ साली सुरू झालेल्या अटल भूजल योजनेतही गावाच्या पाण्याचा असाच ताळेबंद मांडण्यावर भर दिला गेला.

तेव्हा मंडळी, पाऊस सरला की एवढे करा. गावात फिरून चालू-बंद सगळ्या विहिरी आणि बोअर मोजा. वेगवेगळ्या भागांतल्या पाच-सात विहिरी निवडा, दोरीला गाठी मारून दर महिन्याला पातळी घ्या आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. रब्बीच्या पेरणीआधी ग्रामसभेत ते वाचून दाखवा. बी जमिनीत पडायच्या आधी पाण्याचा आकडा कळला, तर उभे पीक वाळताना पाहायची वेळ येणार नाही.