वॉल्डनकाठची झोपडी

मनुष्याला सुखाने जगण्यासाठी नेमके किती लागते? हा प्रश्न पुष्कळांना पडतो. परंतु त्याचे उत्तर स्वतः राबून शोधणारे विरळाच. हेन्री डेव्हिड थोरो हा अशा विरळ माणसांपैकी एक होय.

थोरोचा जन्म १८१७ साली अमेरिकेतील काँकर्ड या गावी झाला. गावापासून सुमारे दीड मैलावर वॉल्डन नावाचे तळे आहे. त्याच्या काठच्या रानात, आपला मित्र एमर्सन याच्या जमिनीवर, १८४५ साली थोरोने झोपडी बांधली. उसन्या कुऱ्हाडीने त्याने झाडे तोडून तासली, आणि परत करताना ती कुऱ्हाड अधिक धारदार करून दिली! एका रेल्वे-मजुराचे खोपटे विकत घेऊन त्याच्या फळ्या वापरल्या. खिडक्याही जुन्याच घेतल्या. १५ फूट लांब व १० फूट रुंद अशी ही झोपडी अवघ्या २८ डॉलर साडेबारा सेंटांत उभी राहिली. आत एक बिछाना, एक टेबल, एक मेज आणि तीन खुर्च्या, असे मोजकेच सामान होते.

४ जुलै रोजी तो तेथे राहावयास गेला. जवळच त्याने घेवडा पेरला. उरलेला वेळ वाचन, लेखन व निसर्गनिरीक्षण यांत जाई. आपली भगवद्गीताही तो तेथे वाचत असे. वॉल्डनला तळच नाही, अशी लोकांची समजूत होती. थोरोने दोर सोडून पाहिले, तो खोली १०२ फूट भरली. आपल्या गरजाही त्याने अशाच मोजून पाहिल्या.

मात्र हा एकांत म्हणजे माणसांचा तिटकारा नव्हे. तो वरचेवर गावात जाई. पाहुणेही झोपडीत येत. १८४६ साली असाच तो गावात गेला असता त्याला अटक झाली. गुलामगिरीला आश्रय देणाऱ्या सरकारला कर देण्याचे त्याने नाकारले होते. एक रात्र त्याने तुरुंगात काढली. कोणीतरी परस्पर कर भरल्यामुळे तो सुटला. या विषयावरील त्याचा निबंध १८४९ साली प्रसिद्ध झाला. पुढे महात्मा गांधींनीही तो वाचला व त्याची थोरवी सांगितली.

६ सप्टेंबर १८४७ रोजी थोरोने ती झोपडी सोडली. दोन वर्षांहून थोडा अधिक असा तो वास. पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. ज्याच्या गरजा थोड्या, त्याला गमावण्याचे भयही थोडे. आणि ज्याला भय थोडे, तोच अन्यायाला निर्धाराने 'नाही' म्हणू शकतो.