लिंबाच्या वासाचा गांजा : सुपर लेमन हेझ

सुपर लेमन हेझ हा गांजाचा संकरित वाण ॲमस्टरडॅमच्या ‘ग्रीन हाऊस सीड कंपनी’चा. ‘लेमन स्कंक’ आणि ‘सुपर सिल्व्हर हेझ’ या दोन वाणांच्या संकरातून तो तयार झाला. ‘हाय टाइम्स’ या अमेरिकी मासिकातर्फे ॲमस्टरडॅममध्ये तेव्हा भरणाऱ्या ‘कॅनॅबिस कप’ स्पर्धेत २००८ आणि २००९ अशी लागोपाठ दोन वर्षं त्याने पहिला क्रमांक मिळवला. लिंबूवर्गीय वासाच्या वाणांत त्याचं नाव तेव्हापासून आघाडीवर आहे.

त्याचे जनक वाणही मुळात संकरितच. हेझ हे घराणं १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात आकाराला आलं. मेक्सिको, कोलंबिया, थायलंड आणि दक्षिण भारत इथल्या पारंपरिक वाणांचं रक्त त्यात मिसळलं आहे, असं मानलं जातं. स्कंक घराण्यात अफगाणी वाणाचाही अंश आहे. उष्ण प्रदेशातला गांजा उंच वाढतो आणि उशिरा फुलतो. अफगाणी झाड बुटकं आणि लवकर तयार होणारं. हे दोन्ही प्रवाह एकत्र आल्यामुळे घरात, दिव्याखाली वाढवता येतील असे वाण मिळाले.

बाजारात या वाणाला ‘सॅटिव्हाकडे झुकणारा’ म्हणतात. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये ‘सॅटिव्हा’चं वर्णन केलं आणि भारतातून आलेल्या नमुन्यांवरून लामार्कने १७८५ मध्ये ‘इंडिका’ ही वेगळी जात मांडली. सॅटिव्हाने तरतरी येते आणि इंडिकाने सुस्ती, ही वाटणी मात्र नंतर व्यापारात रूढ झाली. नेदरलँड्समधल्या नमुन्यांवरचं एक संशोधन २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. या शिक्क्यांचा झाडाच्या एकंदर जनुकीय रचनेशी फारसा मेळ बसत नाही आणि जो काही संबंध दिसतो तो वासाच्या मोजक्या द्रव्यांशी आहे, असं त्यात आढळलं.

हा वास तयार होतो मादी फुलावरच्या राळेच्या ग्रंथींत. भिंगाखाली पाहिलं, तर फुलाभोवतीच्या बारीक पानांवर टाचण्या टोचल्यासारख्या या ग्रंथी दिसतात : बारीक देठ आणि वर गोल डोकं. डोकं आधी काचेसारखं पारदर्शक असतं, मग दुधाळ होतं आणि फूल जून झालं की पिवळट तपकिरी दिसू लागतं. टर्पीन वर्गातली सुगंधी द्रव्यं आणि टीएचसी या नशेच्या द्रव्याचं आम्लरूप ही दोन्ही या डोक्यातच साठतात. जिरॅनिल पायरोफॉस्फेट हा कच्चा माल दोघांनाही लागतो. संत्र्याच्या सालीतल्या तेलात नव्वद टक्क्यांहून अधिक असणारं लिमोनीन इथेही सापडतं, पण सुकलेल्या फुलाच्या वजनात ते बहुधा एक टक्काही भरत नाही. हेझ घराण्यात त्याच्या जोडीला टर्पिनोलीन, मिरसीन आणि कॅरिओफिलीन असतात. स्कंकचा उग्र दर्प गंधकयुक्त संयुगांमुळे येतो, हे २०२१ मध्ये दाखवून देण्यात आलं. टर्पीनं उडून जाणारी असल्याने उघड्यावर ठेवलेल्या मालाचा लिंबाचा वास लवकर उतरतो. नशा मात्र तशी उतरत नाही.

नशेचं मुख्य कारण टीएचसी. राफाएल मेशुलम आणि येहील गाओनी यांनी १९६४ मध्ये इस्रायलमध्ये ते वेगळं करून त्याची रचना निश्चित केली. उष्णतेने आम्लरूपाचं टीएचसी बनतं आणि ते मेंदूतल्या सीबी-१ या ग्राहींना चिकटतं. धूर ओढल्यावर काही मिनिटांत परिणाम जाणवतो आणि दोन-तीन तास टिकतो. खाण्यातून घेतलं तर चढायला तासभर किंवा अधिक लागतो आणि नशा बराच वेळ राहते. सुपर लेमन हेझ ओढणारे उत्साह, बडबड, हसू आणि तरतरी सांगतात. त्याबरोबर तोंडाला कोरड पडते, डोळे लाल होतात, नाडी वाढते, वेळेचं भान सुटतं आणि आत्ता काय बोललो तेही आठवत नाही. मात्रा वाढली की हाच उत्साह धडधड, भीती आणि संशयाकडे वळतो. या वाणात टीएचसी साधारण २० टक्क्यांच्या आसपास असतं. अमेरिकेत जप्त झालेल्या गांजात १९९५ मध्ये हे प्रमाण सरासरी ४ टक्के होतं.

लिंबाच्या वासाने मन खुलतं, या समजुतीला थोडा आधार मिळाला आहे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात टीएचसीसोबत वाफेतून लिमोनीन दिलं, तेव्हा टीएचसीने येणारी अस्वस्थता कमी झाली. पण ठळक फरक ३० मिलिग्रॅम टीएचसीबरोबर १५ मिलिग्रॅम लिमोनीन दिल्यावर दिसला. फुलात लिमोनीनचं टीएचसीशी प्रमाण त्याहून पुष्कळ कमी असतं. शिवाय एकाच नावाने विकला जाणारा माल बियाणं, माती, प्रकाश आणि वाळवण्यानुसार बदलतो. त्यामुळे नाव आणि वास यांवरून परिणामाची खात्री देता येत नाही. तो ठरतो टीएचसीची मात्रा आणि ओढणाऱ्याची प्रकृती यांवर.

धोक्यांचं गणितही मात्रेवरच बसतं. ‘लॅन्सेट सायकियाट्री’मध्ये २०१९ साली आलेल्या बहुदेशीय अभ्यासात टीएचसी १० टक्के किंवा अधिक असलेला गांजा रोज ओढणाऱ्यांत मनोविकृतीची शक्यता कधीच न ओढणाऱ्यांच्या जवळजवळ पाचपट आढळली. लंडन आणि ॲमस्टरडॅममध्ये हा संबंध विशेष ठळक होता. किशोरवयीन मुलं, गर्भवती, हृदयरोगी आणि घरात मनोविकाराचा इतिहास असलेल्यांना धोका अधिक.

नेदरलँड्समध्येही गांजा पूर्णपणे कायदेशीर नाही. कॉफीशॉपमधल्या पाच ग्रॅमपर्यंतच्या विक्रीकडे सरकार काणाडोळा करतं. भारतात १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानुसार फुलोरा म्हणजे गांजा, आणि तो बाळगणं हा गुन्हा आहे. फुलोऱ्यापासून वेगळी असलेली पानं आणि बिया गांजाच्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून भांगेचा परवाना राज्यांच्या हाती राहतो. सुपर लेमन हेझ हा फुलोराच असल्यामुळे त्याला ही सवलत लागू होत नाही.