महानगरातील हक्काचे घर : पैसा कोठून येतो आणि माणूस कोठे अडतो

मुंबईतील आपल्या समाजाच्या बहुसंख्य कुटुंबांचा इतिहास हा चाळीतील खोलीचा किंवा झोपडीचा इतिहास आहे. गिरणी, गोदी, रेल्वे आणि नगरपालिकेत कामाला आलेली माणसे जागा मिळेल तेथे राहिली. आजही सभेत घराचा विषय निघाला की 'सरकार देणार' किंवा 'बिल्डर देणार' एवढेच बोलले जाते. सरकार कोठून देते, बिल्डर का देतो आणि ज्याला कोणीच देत नाही त्याचे काय, हे कळल्याशिवाय हक्क नीट मागता येत नाही. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही हा विषय सोप्या शब्दांत मांडत आहोत.

चाळींचा काळ

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि कोंदट वस्त्या हे रोगाचे माहेरघर आहे, हे राज्यकर्त्यांच्या ध्यानी आले. १८९८ साली इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्या चाळी त्या बी.आय.टी. चाळी. परळच्या अशाच चाळीतील दोन खोल्यांत परमपूज्य बाबासाहेबांनी अनेक वर्षे संसार व अभ्यास केला.

१९२० साली गव्हर्नर लॉईड यांच्या कारकिर्दीत डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले. त्यासाठी कर्ज उभारले आणि शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीवर एक रुपया कर बसविला. ५० हजार खोल्यांचा बेत होता. पण वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे मिळून २०७ चाळी, म्हणजे सुमारे १६ हजार खोल्याच झाल्या. बांधकामाचा खर्च वाढला, भाडे कामगाराला झेपेना आणि बऱ्याच खोल्या सुरुवातीला रिकाम्या राहिल्या. घर बांधणे आणि ते गरिबाला परवडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा तेव्हाच मिळाला.

पुढे १९४७ च्या कायद्याने भाडी गोठविली. भाडेकरूला आधार मिळाला, परंतु मालकाचे दुरुस्तीवरचे लक्ष उडाले आणि भाड्यासाठी नव्या चाळी बांधणे जवळजवळ थांबले. १९४८ साली गृहनिर्माण मंडळ आले व १९७७ साली त्यातून म्हाडा उभी राहिली. तिची घरे चांगली होती. पण येणाऱ्या माणसांच्या मानाने फार थोडी. उरलेल्यांनी झोपडी बांधली.

चटईक्षेत्राचे गणित

१९७१ च्या झोपडपट्टी कायद्याने पाणी, संडास व वाटा देण्याचे धोरण आले. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने ओल्गा टेलिस खटल्यात, उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सांगितले. मात्र पदपथावर राहण्याचा हक्क मान्य केला नाही. हटविण्यापूर्वी नोटीस द्यावी, असे म्हटले.

१९९५ साली झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झाले. 'मोफत घर' ते हेच. येथे सरकार तिजोरीतून पैसे देत नाही. देते ते बांधकामाचा अधिकार. एखाद्या भूखंडावर किती चौरस फूट बांधता येईल याचे प्रमाण म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांक. समजा, जमिनीवर शंभर झोपड्या आहेत. बिल्डरने त्या कुटुंबांची इमारत स्वखर्चाने बांधायची. बदल्यात त्याला जादा चटईक्षेत्र मिळते. त्यावरील घरे तो बाजारभावाने विकतो आणि त्यातून शंभर घरांचा खर्च व स्वतःचा नफा काढतो. सुरुवातीला घर २२५ चौरस फुटांचे होते, २००८ मध्ये २६९ व २०१८ मध्ये ३०० चौरस फूट झाले.

या गणिताची ताकद व दुबळेपणा एकाच जागी आहे. वांद्रे, वरळी, दादर येथे विक्रीची घरे महाग जातात, म्हणून तेथे बिल्डर धावत येतो. जेथे भाव कमी, तेथे वस्ती कितीही गरजू असली तरी फाईल पडून राहते. बाजार मंदावला की इमारत अर्धवट राहते आणि लोक वर्षानुवर्षे संक्रमण शिबिरात किंवा भाड्याच्या खोलीत अडकतात. जागा वाचवायची म्हणून इमारती इतक्या जवळ उभ्या केल्या जातात की खालच्या मजल्यावर दिवसाही दिवा लावावा लागतो.

दुसरी वाटही आहे. बी.डी.डी. चाळींचा पुनर्विकास म्हाडा स्वतः करीत आहे. विक्रीचे उत्पन्न सार्वजनिक संस्थेकडेच येणार असल्याने १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे घर देणे शक्य झाले. २०१७ साली भूमिपूजन झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. वेळ पुष्कळ लागला, हे खरे; पण नफा कोणाच्या हाती राहतो यावर घराचा आकार ठरतो, हे त्यातून दिसले.

ज्यांचे नाव यादीत नाही

मोफत घर १ जानेवारी २००० पूर्वीच्या झोपडीधारकाला. त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्या झोपडीधारकाला सशुल्क घर. २०२३ साली त्याची किंमत अडीच लाख रुपये ठरविण्यात आली. पात्रता कागदावर ठरते. झोपडीत भाड्याने राहणारा, पोटमाळ्यावर राहणारा, आग-पुरात कागद गमावलेली विधवा यांची नावे राहून जातात. ती कुटुंबे पुन्हा दुसऱ्या वस्तीत किंवा रस्त्यावर जातात.

२०११ च्या जनगणनेत देशात १७ लाखांहून अधिक माणसे बेघर आढळली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर शहरांसाठी निकष ठरला : दर एक लाख लोकसंख्येमागे १०० माणसांना पुरेल असा, बारमाही व चोवीस तास खुला निवारा, आणि दर माणशी ५० चौरस फूट जागा. परंतु निवारा ही पहिली पायरी आहे. तेथून ओळखपत्र, रेशन, उपचार, रोजगार व शेवटी परवडणारी भाड्याची खोली असा जिना लागतो. आपल्या शहरांत शेवटची पायरीच नाही. योजना मालकीच्या घराच्या आहेत, स्वस्त भाड्याच्या घराच्या फार थोड्या. रात्रीचे छप्पर मिळूनही माणूस बेघरच राहतो तो यामुळे.

आपण काय करावे?

पात्रतेची यादी, म्हणजे परिशिष्ट-२, लागताच प्रत्येक कुटुंबाने आपले नाव तपासावे. हरकतीची मुदत चुकवू नये. मतदार यादीचा उतारा, वीजबिल, फोटोपास यांच्या प्रती घराबाहेरही एका ठिकाणी ठेवाव्यात. संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी करारातील घराचे क्षेत्रफळ, पर्यायी भाडे, पूर्ण होण्याची मुदत व देखभालीसाठी ठेवायचा निधी हे चार मुद्दे मोठ्याने वाचून घ्यावेत. घर पती-पत्नी दोघांच्या नावे होते की नाही, हे पाहावे.

रस्त्यावर राहणाऱ्यालाही मतदार होता येते. पत्त्याचा कागद नसला तरी निवडणूक कर्मचाऱ्याने रात्री प्रत्यक्ष जाऊन तो तेथे झोपतो याची खात्री करायची असते. आपल्या विभागातील अशा बांधवांचे अर्ज भरून देणे हे काम कोणत्याही मंडळाला विनाखर्च करता येईल. ज्याच्यापाशी कागद नाही, त्याच्यापाशी आपला एक शिकलेला कार्यकर्ता उभा राहिला, तर यादीबाहेरचे एक कुटुंब तरी यादीत येईल.